माळ्यावरची लिव्हर रायफल : आधी ओळख, मग काडतूस

जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल, म्हणजे चापाखालचा दांडा (लिव्हर) खाली-वर करून पुढचं काडतूस भरायची रायफल, हातात आली की पहिला मोह होतो तो लिव्हर खाली-वर करून तिचा आवाज ऐकण्याचा. तो पाच मिनिटं आवरा. यांतल्या बहुतेक रायफलींत नळीखाली दुसरी नळी असते, तीच तिचं मॅगझिन. त्यात काडतुसं एकामागे एक आडवी पडून असतात. चेंबर, म्हणजे झाडताना काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, रिकामं दिसलं म्हणून रायफल रिकामी झाली असं इथे होत नाही.

नळीचं तोंड भक्कम भिंतीकडे ठेवा. खिडकीकडे नको आणि जमिनीकडेही नको, कारण मुंबईत आपली जमीन म्हणजे कुणाचं तरी छत असतं. बोट चापाबाहेर ठेवून लिव्हर पूर्ण उघडा. चेंबरमध्ये नुसतं पाहू नका, करंगळी घालून चाचपा. मग उजव्या बाजूची लोडिंग गेट, म्हणजे काडतुसं आत सरकवायची ती स्प्रिंगची झडप, अंगठ्याने दाबा आणि टॉर्चच्या उजेडात आत बघा. पितळेची गोल चकती आणि तिच्या मधोमध प्राइमरचा, म्हणजे ठोका बसला की पेट घेणाऱ्या टोपीचा, ठिपका दिसला, तर आत काडतूस आहे. साधा लोखंडी फॉलोअर (काडतुसांना मागे ढकलणारा तुकडा) दिसला आणि दाबल्यावर स्प्रिंगने परत आला, तर नळी बहुधा रिकामी आहे. बहुधा म्हणायचं कारण असं की मॅगझिनच्या नळीला पोचा पडला असेल किंवा स्प्रिंग मेली असेल, तर एखादं काडतूस मध्येच अडकून राहतं. लिव्हर दहा वेळा हलवली तरी ते बाहेर येत नाही आणि पुढे कधीतरी नळी आपटली की सरकून खाली येतं. म्हणून पहिल्याच तपासणीत तोंडाकडचा मॅगझिन प्लगचा स्क्रू काढून, स्प्रिंग बाहेर घेऊन नळी आरपार पाहिली पाहिजे. प्लग स्प्रिंगच्या दाबाखाली असतो, तो अंगठ्याने धरूनच सोडावा. सवय नसेल तर हे काम परवानाधारक गनस्मिथकडे द्यावं.

आता कागद. "शंभर वर्षांपूर्वीची आहे, अँटिक झाली, परवाना लागत नाही" हे वाक्य गिरगाव-दादरच्या जुन्या घरांतून हमखास ऐकू येतं, आणि ते चूक आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मधली सूट जुन्या घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे खरी, पण ते दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसेल तरच. १८९४ सालच्या नमुन्याची रायफल जरा तेल दिलं की आजही गोळी सोडते. तिला वयाची सूट नाही.

आजोबांच्या नावावर परवाना होता आणि ते गेले, तर रायफल आपोआप घरच्यांची होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. मुंबईत परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे परवानाधारक हयात असतानाही वारसाला शस्त्र देता येतं. त्यासाठी त्यांचं वय ७० झालेलं असावं किंवा शस्त्र त्यांच्याकडे २५ वर्षं असावं, यांपैकी जे आधी होईल ते. ही तरतूद फार कमी घरांना ठाऊक असते, आणि मग सगळं मृत्यूनंतरच्या धावपळीत करावं लागतं. कागद नसलेली रायफल सापडली तर ती गाडीच्या डिकीत घालून कुठे "दाखवायला" नेऊ नका. रायफल जिथे आहे तिथेच ठेवून स्थानिक पोलीस ठाण्याला कळवा.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन होत्या. वारशाने आलेलं शस्त्रही याच दोनांत धरलं जातं. त्यामुळे अमेरिकेतला संग्राहक ज्या अर्थाने भिंतभर संग्रह करतो, तसा संग्रह इथल्या सामान्य परवानाधारकाला शक्य नाही. इथला संग्रह म्हणजे एक किंवा दोन रायफली, पण त्यांची खडान् खडा माहिती. हे मला कमीपणाचं वाटत नाही. विकायची असेल तर कलम ५ प्रमाणे आधी लेखी कळवायचं, त्यानंतर ४५ दिवस थांबायचं आणि घेणाऱ्याचा परवाना तपासायचा. नळी आखूड करणं हा परवानगीशिवाय गुन्हा आहे, आणि जुन्या रायफलीवर ते पापच आहे.

या रायफली इकडे आल्या शिकारीच्या काळात. काळा घोड्याच्या आर्मी अँड नेव्ही इमारतीतल्या दुकानाची मुंबई शाखा १८९१ ची. तशा दुकानांतून साहेब लोक आणि संस्थानिक बंदुका, काडतुसं घेत. इंग्लंडमार्गे आलेल्या अमेरिकन रायफलीवर अमेरिकन कारखान्याच्या शिक्क्याबरोबर लंडन किंवा बर्मिंगहॅमचे प्रूफ शिक्केही (दाबाच्या चाचणीत उतरल्याच्या खुणा) सापडतात. ते भिंगाखाली वाचा, कागदावर जसेच्या तसे उतरवून ठेवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार थांबली आणि रायफली माळ्यावर गेल्या.

ओळख पटवायला सुरुवात नावापासून करू नका, यंत्रापासून करा. विंचेस्टर १८७३ (कंपनीचं नाव आणि नमुन्याचं साल) च्या दोन्ही बाजूंना सुट्या प्लेट असतात आणि वर सरकणारं धुळीचं झाकण. १८९२ आणि १८९४ लांबून बहिणी दिसतात. लिव्हर उघडली की फरक कळतो : १८९४ मध्ये रिसीव्हरचा, म्हणजे यंत्र बसतं त्या मधल्या धातूच्या सांगाड्याचा, तळच लिव्हरबरोबर खाली उतरतो, १८९२ मध्ये तळ जागेवर राहतो. १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५ हे चारही नमुने अमेरिकन बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून आलेले. १८९५ ला नळीचं मॅगझिन नाही, पोटाखाली पेटी आहे. मार्लिनचा माथा बंद असतो आणि रिकामं पितळ (झाडलेल्या काडतुसाचं कवच) उजवीकडून बाहेर पडतं, जुन्या विंचेस्टरचं वरून उडतं. सॅव्हेज ९९ ला बाहेर घोडाच (ठोका देणारा हातोडा) दिसत नाही, मॅगझिन फिरतं असतं. १८७३ चा क्रमांक मागच्या खालच्या पट्टीवर (टँगवर) असतो, १८९२ आणि १८९४ चा रिसीव्हरच्या पोटाला, पुढच्या बाजूस. परवान्यावरचा क्रमांक आणि हा क्रमांक अंकाला अंक जुळला पाहिजे. जुन्या हस्तलिखित परवान्यांत ३ चा ८ झालेला असतो. तो नूतनीकरणाच्या आधी दुरुस्त करून घ्या.

यानंतर येतं काडतूस, आणि खरा धोका इथे आहे.

नळीवर .३० डब्ल्यूसीएफ (विंचेस्टर सेंटर फायर) लिहिलं असेल तर ते .३०-३०. .४४ डब्ल्यूसीएफ म्हणजे .४४-४०. .३२ डब्ल्यूसीएफ म्हणजे .३२-२०. पण .३२ डब्ल्यूएस लिहिलं असेल तर ते .३२ विंचेस्टर स्पेशल, एकदम वेगळं, मोठं काडतूस. परवान्यावर कारकुनाने नुसतं ".३२ बोअर रायफल" लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे .३२ म्हटलं की दुकानदाराच्या डोळ्यांसमोर रिव्हॉल्व्हरची गोळी येते. या तिन्ही गोष्टींत ".३२" एवढंच समान आहे. तोच घोळ .३१५ चा. आपल्या आयुध निर्माणीची .३१५ आणि .३०-०६ ही काडतुसं इथे ओळखीची, पण त्यांचा या .३०-३० वगैरेंशी काही संबंध नाही. "जवळपासचं आहे, बसेल" असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात रायफल देऊ नये. चेंबरचा साचा घेऊन मोजमाप करणं हा एकच पक्का मार्ग आहे, कारण शंभर वर्षांत कुणीतरी चेंबर बदलून घेतलेलंही असू शकतं आणि नळीवरचा शिक्का मात्र जुनाच राहतो.

नाव जुळलं तरी ताकद जुळली पाहिजे. १८७३ ची कडी गुडघ्यासारखी दुमडते, तिला बोल्टमागे (चेंबर मागून बंद करणाऱ्या तुकड्यामागे) भक्कम अडसर नाही. ती काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या धुराळ बारुदीच्या, दाबासाठी बनवलेली. १८९२ मध्ये बोल्टच्या दोन्ही बाजूंना उभे अडसर आहेत, म्हणून त्याच .४४-४० ची जोरकस काडतुसं पूर्वी फक्त १८९२ साठी निघायची. अशी जुनी खोकी अजून फिरतात. ती १८७३ मध्ये घातली तर कडी आणि पिना सैल होतात, पुढे काय होईल ते सांगता येत नाही. १८९४ चं .३०-३० मात्र १८९५ साली आलं ते धूरविरहित दारूसाठीच, आणि त्यासाठी नळीला निकेल स्टील वापरलं गेलं.

गोळीचं टोकही बघा. नळीच्या मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरला टेकलेलं असतं. टोक अणकुचीदार आणि कठीण असेल, तर धक्क्याने प्राइमर फुटून मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो, आणि डावा हात नेमका त्याखाली असतो. म्हणून चपट्या किंवा बोथट टोकाचीच गोळी वापरायची. मऊ प्लास्टिकच्या टोकाची खास काडतुसं निघाली आहेत, ती चालतात.

जुन्या काडतुसांबद्दल माझं मत कडक आहे. पितळेवर हिरवा थर, मानेला बारीक चीर, प्राइमरभोवती काळसर ओल, यांपैकी काहीही दिसलं तर ते काडतूस वापरू नये, परवानाधारक विक्रेत्याकडे परत द्यावं. संग्रहातलं खोकं म्हणून खोक्याला किंमत आहे, आतल्या दारूला नाही.

गोळी झाडण्याआधी यंत्राच्या चार चाचण्या, रिकाम्या रायफलीवर. रिमफायर (काडतुसाच्या मधोमध नव्हे, कडेवर ठोका देणारी) असेल तर चाप रिकामा ओढायचा नाही, पिन चेंबरच्या काठावर आपटून काठ बसतो. अशा रायफलीत घोडा अंगठ्याने धरून सावकाश उतरवा.

घोडा पूर्ण मागे ओढा आणि अंगठ्याने मागून पुढे दाबा. तो सुटला तर खाच झिजली आहे, रायफल बंद. घोडा अर्ध्यावर, हाफ-कॉकच्या खाचेत ठेवा आणि चाप ओढा. घोडा हलता कामा नये. ही खाच बहुतेक वेळा आधीच्या मालकाने चाप हलका करण्याच्या नादात कानशीने खाल्लेली असते. तिसरी चाचणी अडसराची : १८९४ मध्ये लिव्हर बंद केल्यावर मागून पाहिलं तर बोल्टच्या पाठीशी उभा राहणारा अडसर पूर्ण वर आलेला दिसतो. तो खाली राहत असेल तर लिव्हरच्या सांध्यातल्या पिना झिजल्या आहेत किंवा वंगण दगडासारखं घट्ट झालं आहे. दुसरं कारण जास्त वेळा सापडतं. पन्नास वर्षांपूर्वीचं शिवणयंत्राचं तेल वाळून लाखेसारखं होतं आणि लिव्हर जड लागते, लोक मात्र समजतात की यंत्र बिघडलंय. चौथी चाचणी हेडस्पेसची. .३०-३० रिमवर (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर) बसतं, त्यामुळे बोल्ट आणि रिम यांच्यातली फट गेजने मोजायची. डोळ्याने हे कळत नाही, आणि वाढलेल्या फटीत पितळ रिमच्या थोडं पुढे फाटतं.

नळीतून उजेडाकडे पाहताना आतल्या चर्‍या स्पष्ट दिसल्या पाहिजेत. थोडी काळी छटा असली तरी नेम टिकतो. तोंडाच्या कडेला, क्राउनला बसलेला ठोका मात्र छोटासा असला तरी नेम बिघडवतो.

मुंबईत ती झाडायची कुठे? वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. ऑलिम्पिकमधली रायफल नेमबाजी १० मीटर एअर आणि ५० मीटर .२२ ची. त्यामुळे इथे खरोखर वापरात राहू शकतील अशा लिव्हर रायफली म्हणजे .२२ च्या : मार्लिन ३९ए, विंचेस्टर ९४२२, ब्राउनिंग बीएल-२२. मोठ्या बोअरची असेल तर कोणत्याही रेंजवर नेण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यांना बोअर आणि काडतूस सांगून परवानगी घ्यावी, कारण मागचा मातीचा बांध कोणत्या ताकदीसाठी आहे ते तेच सांगू शकतात. कर्जत-मुरबाडच्या फार्महाऊसवर "एक बार काढून पाहू" हे कुणीही करू नये. .२२ ची इवलीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते.

लिव्हर चालवताना हात अर्धवट नको. हळुवारपणे, यंत्राला त्रास नको म्हणून अर्धीच लिव्हर ओढणारे लोक तिला सगळ्यात जास्त अडकवतात. पितळ पूर्ण बाहेर पडत नाही, पुढचं काडतूस मॅगझिनमधून निघून कॅरिअरच्या (काडतूस चेंबरपर्यंत उचलणाऱ्या पट्टीच्या) खाली जाऊन बसतं, आणि मग लिव्हर पुढेही जात नाही, मागेही येत नाही. लिव्हर शेवटपर्यंत खाली, ठाम, आणि तितक्याच ठामपणे वर. मार्लिनमध्ये अडकण्याचं कारण कधीकधी वेगळं असतं. लिव्हरवरच्या उंचवट्याची धारदार कड कॅरिअरच्या काठात खाच पाडते, आणि मग एकाच वेळी दोन काडतुसं आत येऊ पाहतात. कॅरिअर बदलून ती कड बारीक दगडाने गुळगुळीत केली की हा दोष जातो. काडतूस फुटलं नाही तर नळी निशाण्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, मगच लिव्हर उघडा. आवाज नेहमीपेक्षा मऊ आला तर पुढची गोळी आधी झाडायची नाही. रायफल रिकामी करून नळी आरपार पाहायची, कारण गोळी मध्ये अडकलेली असू शकते.

साफसफाईत मार्लिनवाले सुखी. लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर बाहेर, मग बोल्ट मागे सरकवून बाहेर, आणि इजेक्टर (रिकामं पितळ बाहेर फेकणारा तुकडा) खाली पडायच्या आत पकडायचा. नळी मागून साफ करता येते. विंचेस्टर १८९४ तोंडाकडून साफ करावी लागते, म्हणून रॉड क्राउनला घासू नये यासाठी पितळेचा किंवा प्लास्टिकचा गाइड तोंडात बसवायचा. रायफल तोंड खाली करून धरायची, म्हणजे मळ यंत्रात उतरत नाही. स्क्रूला बोथट, निमुळता घरगुती स्क्रू ड्रायव्हर लावू नका. खाचेत पूर्ण रुंदीने बसणारं समांतर पात्याचं गनस्मिथी बिट हवं. जुन्या रायफलीची किंमत करणारा पहिल्यांदा स्क्रूच्या खाचाच बघतो.

जुन्या काडतुसांच्या प्राइमरमध्ये क्लोरेट असतं. जळल्यावर त्याचं मीठ नळीत उरतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. तेल त्या मिठाला विरघळवत नाही, उलट त्यावर झाकण घालतं. त्याला पाणीच लागतं : भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकलेलं कडकडीत गरम पाणी, त्याने भिजवलेले सुती पॅच, मग कोरडे पॅच ते कोरडेच बाहेर येईपर्यंत, मग तेलाचा एक पातळ हात. काळ्या दारूलाही हेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पॅच घालून पाहा. तांबूस आला तर पुन्हा सगळं. वरळी-दादरच्या खाऱ्या हवेत एका रात्रीत नळी तांबूस होते.

पावसाळ्याचे चार महिने ही खरी परीक्षा. चामड्याच्या जुन्या कव्हरात रायफल कधीच ठेवू नका. कव्हर कितीही देखणं असलं तरी चामडं ओल धरतं आणि त्यातली रसायनं पोलाद खातात. कव्हर वेगळं ठेवा, तेही संग्रहाचा भाग आहे. फोमच्या पेटीतही हेच होतं. लोखंडी कपाटात, मध्ये हवा खेळेल अशी उभी ठेवा, आत सिलिका जेल ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास भाजून परत ठेवा. पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता चांगली. दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक आत टांगला की अंदाजावर राहावं लागत नाही. दर पंधरा दिवसांनी रायफल काढून पुसा, आणि हात लागला तिथे नक्की पुसा, कारण घामाचे ठसे तीन-चार दिवसांत गंजाच्या रेषांसारखे उमटतात.

वरवरचा तांबूस गंज असेल तर तेलात भिजवलेली अतिबारीक, चार शून्यांची स्टील वूल हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर नको, बफिंगचं चाक तर मुळीच नको. निळसर झाक पुसट होऊन तपकिरी झालेलं पोलाद तसंच राहू द्या. नव्याने निळं करून आणलेली रायफल दुकानातल्या बल्बखाली चकचकते, पण तिच्या शिक्क्यांच्या कडा गोल झालेल्या असतात आणि ती मूळ रायफल उरत नाही. पोलादावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात चांगला. अक्रोडाच्या दस्त्यावर महिन्यातून एकदा, अळशीच्या उकळलेल्या तेलाचे दोन-तीन थेंब तळहातावर घेऊन चोळा. तेल लावलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून किंवा दोरीवर सुटी वाळवून मग टाका.

एसीच्या खोलीतून जुलैच्या हवेत रायफल काढली की थंड पोलादावर दव जमतं, अगदी फ्रिजमधल्या बाटलीवर जमतं तसं. बाहेर नेताना ती झिपच्या कव्हरात बंदच ठेवा, तासाभराने बाहेरच्या तापमानाला आली की उघडा. आणि कपाटात ठेवताना तोंड खाली, दस्ता वर. उलटं ठेवलं तर नळीतलं आणि यंत्रातलं तेल महिनोन्‌महिने हळूहळू उतरून दस्त्याच्या मानेत मुरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं, आणि एक दिवस टँगच्या स्क्रूपाशी चीर दिसते.